नाशिकच्या अंगणासाठी इथलीच झाडं: जागा ओळखण्यापासून तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

इगतपुरीला वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. नाशिक शहरात तो ७००च्या आसपास असतो आणि सिन्नर, येवला, नांदगावच्या पट्ट्यात ५००पर्यंत खाली येतो. घोटी-सिन्नर रस्त्याने गाडी काढली तर दीड-दोन तासांत हा सगळा फरक डोळ्यांसमोरून सरकतो. आधी ऐन, हिरडा, जांभळाचं दाट रान लागतं, मग पळस आणि धावड्याचे उघडे डोंगर, आणि शेवटी हिवर, बोर, तरवड आणि गवत.

त्यामुळे ‘देशी झाड कोणतं लावू?’ या प्रश्नाला नाशिकमध्ये एकच उत्तर देता येत नाही. तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, झाड शंभर टक्के आपलं. पण ते ओलाव्याच्या जागेचं, ओढ्याकाठचं झाड आहे. सिन्नरच्या मुरमाड प्लॉटवर लावलं तर ते कायम टँकरच्या पाण्यावर जगेल. सीताअशोकाचंही तसंच. उलट अंजन किंवा हिवर त्र्यंबकच्या धो-धो पावसात आणि चिकट मातीत कुजतील. आपल्या जागेवर बांधकाम होण्याआधी काय उगवत होतं आणि आजूबाजूच्या टेकडीवर, ओढ्याकाठी, पडीक रानात अजून काय टिकून आहे, हे आधी पाहायचं. झाडांची यादी त्यावरून ठरते.

जुन्या ओळखीची सगळीच झाडं इथली नसतात, हेही ध्यानात ठेवा. गुलमोहर मादागास्करचा. देवळाजवळचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतला. चिंच आफ्रिकेची, सीताफळ अमेरिकेचं, रेन ट्री आणि सुबाभूळही तिकडचीच. चिंच-सीताफळ खाण्यासाठी लावायला कुणाची हरकत नाही. मात्र ती लावून इथल्या किड्या-पाखरांची सोय झाली असं धरून चालू नका.

पान कुणी खाल्लं पाहिजे

स्थानिक झाडांचा आग्रह का, याचं मुख्य कारण पानांत आहे. झाडं स्वतःला वाचवण्यासाठी पानांत कडू, विषारी, चिकट रसायनं साठवतात. ती पचवण्याची ताकद किड्यांमध्ये हजारो वर्षांच्या सहवासातून येते, आणि तीही ठरावीक झाडांपुरतीच. प्लेन टायगर फुलपाखराची अळी रुईचा चीक पचवते, कॉमन एमिग्रंटची अळी बहाव्याची कोवळी पानं खाते, ब्ल्यू टायगरची हरणदोडीवर वाढते, कॉमन पिएरोची बोरीवर. परदेशी झाडाचं पान बहुतेक अळ्यांना पचतच नाही. म्हणून तर नर्सरीवाले ‘याला कीड लागत नाही, साहेब’ असं कौतुकाने सांगतात. बागेत पक्षी हवे असतील तर नेमका हाच गुण अडचणीचा ठरतो.

कारण पक्ष्यांची पिल्लं अळ्यांवर वाढतात. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपासच्या बंगल्यांच्या बागांमध्ये कॅरोलायना चिकडी या छोट्या पक्ष्याचा अभ्यास झाला आणि २०१८मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या बागांत स्थानिक झाडांचं प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी होतं, तिथे या पक्ष्याची वीण स्वतःची संख्या टिकवण्याइतकीही होत नव्हती. हा आकडा तिकडचा आहे, नाशिकला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण कारण सगळीकडे तेच: अळ्या नाहीत तर पिल्लं नाहीत. बाग आखताना ‘दोन तृतीयांशपेक्षा जास्त झाडं इथली’ हा अंदाज ठेवला तर उरलेल्या जागेत लिंबाशेजारी मोगरा, गुलाब, पेरू लावायला कुणी अडवत नाही.

हे जवळून पाहायचं असेल तर कढीपत्त्याचं झाड बघा. लाइम फुलपाखरू कोवळ्या शेंड्यावर एकेक करून पिवळसर, मोहरीपेक्षाही लहान अंडी घालतं. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला तपकिरी-पांढरी असते आणि हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते, आणि काडीने जरा डिवचलं की डोक्यामागून दोन शिंगांसारखा नारिंगी अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत उबदार हवेत तीन ते चार आठवडे लागतात. तेवढ्या काळात फांदीची निम्मी पानं जातात आणि पुढच्या महिन्यात परत येतात. इथे कडुनिंबाचा अर्क फवारला तरी अळी मरते. ‘सेंद्रिय’ आहे म्हणून ती वाचत नाही.

जागा तपासणे

एप्रिल-मे महिन्यात तीन गोष्टी तपासा.

पहिली माती. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, गंगापूर रोड, जिथे जिथे नवी बांधकामं झाली आहेत तिथे वरच्या फूट-दीड फुटात माती कमी आणि मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा जास्त असतो. आपली बेसाल्टपासून बनलेली माती मुळातच थोडी अल्कलीयुक्त. त्यात सिमेंटचा चुना मिसळला की झाडाला लोह घेता येत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर लोहाची फवारणी मारत बसण्यापेक्षा लागवडीच्या पट्ट्यातला राडारोडा दीड फूट खोल उचलून टाकणं हाच खरा उपाय.

दुसरा निचरा. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर पावसाळ्यात तिथे मुळं कुजतील. निफाडकडच्या खोल काळ्या मातीत आणि रोलर फिरवून दाबलेल्या भरावात हे हमखास होतं. तिथे जमिनीवर फूटभर उंचीचा वरंबा करून त्यावर झाड लावायचं. तासाला पंधरा सेंटिमीटरच्या वर पाणी जिरत असेल तर मुरूम खुला आहे. तिथे तरवड, धायटी, मेढशिंगी, धावडा खूश असतात, जांभूळ नाही.

तिसरं ऊन. दुपारी तीननंतर कोणत्या भिंतीवर आणि जमिनीवर ऊन तापतं ते पाहून ठेवा. नाशिकला थंडीत पारा चांगलाच उतरतो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठतो, म्हणून पानगळीचं झाड पश्चिमेला लावलेलं चांगलं. पण पळस, काटेसावर नेमके फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होतात. सावली हवी त्या बाजूला करंज लावा: त्याची पानं मार्चमध्ये गळतात आणि लगेच नवी लकाकती पालवी येते.

कोणत्या पट्ट्यात काय

पश्चिमेला, म्हणजे त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, हरसूलकडे फार्महाऊस असेल तर ऐन, हिरडा, बेहडा, मोह, जांभूळ, कुंभा, खाली करवंद, कुडा आणि मुरुडशेंग. तिथे पाऊसच एवढा की फार काही करावं लागत नाही. बाहेरून आणलेलं न लावणं आणि आलेलं न कापणं एवढं पाळलं तरी रान परत येतं.

नाशिक शहर आणि दिंडोरीच्या मधल्या पट्ट्यात निवडीला भरपूर वाव आहे. मोठ्या जागेत काटेसावर, करंज, शिवण, मोह. मध्यम जागेत बहावा, आपटा, पळस, मेढशिंगी, भोकर, काळा कुडा, बेल. झुडपांत धायटी, करवंद, निर्गुडी, अडुळसा, मुरुडशेंग, कोरांटी, तरवड. वेलींत हरणदोडी, गुळवेल, शतावरी, कुसर. गोदावरी-नासर्डीच्या काठालगत असाल तर उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज. वड, पिंपळ आणि उंबर पक्ष्यांसाठी सगळ्यांत मोलाचे. उंबर वर्षात अनेकदा फळतो, त्यामुळे बाकी काही नसतं तेव्हाही हरियाल, तांबट, कोकीळ, बुलबुल यांना खायला मिळतं. पण ही झाडं इमारतीपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि ड्रेनेजच्या लाइनीपासून निदान ३० फूट लांब हवीत. बंगल्याच्या प्लॉटवर त्यांना जागा नाही. सोसायटीच्या मोकळ्या भूखंडावर किंवा शेताच्या बांधावर लावा.

पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगावला हिवर, बाभूळ, बोर, खैर, अंजन, कडुनिंब, तरवड, हेंकळ, आणि मुख्य म्हणजे गवत. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हा भाग उजाड झालेलं जंगल नाही. त्यातला बराचसा मुळातच गवताळ माळ आहे. येवल्याजवळच्या ममदापूरचे काळवीट उघड्या माळावरच जगतात. चंडोल, माळटिटवी जमिनीवर घरटी करतात आणि त्यांना चहूबाजूंनी मोकळी नजर लागते. अशा माळावर दर चौरस मीटरला तीन-तीन रोपं कोंबून दाट ‘जंगल’ उभं करणं म्हणजे एक अधिवास मोडून तिथे टँकरवर जगणारं दुसरंच काही उभं करणं. वृक्षारोपणाचा उत्साह चांगलाच आहे, पण माळावर तो गवताच्या बिया पेरून दाखवावा. पवना, मारवेल, कुसळी, डोंगरी गवत ही इथली खरी लागवड आहे.

६०० चौरस फुटांचा एक आराखडा

घरासमोर ४० फूट लांब आणि १५ फूट रुंद जागा आहे, मधल्या पट्ट्यात, मुरमाड माती, असं धरू. यात झाडं दोनच: एका कोपऱ्यात बहावा, दुसऱ्याकडे काळा कुडा किंवा आपटा. भिंतीपासून दहा-बारा फूट, एकमेकांपासून पंधरा. कंपाउंडच्या ४० फुटी भिंतीला लागून चार-चार फुटांवर दहा झुडपं: चार करवंद, तीन धायटी, दोन निर्गुडी, एक मुरुडशेंग. करवंदीच्या काट्यांत मुनिया आणि बुलबुल घरटं करतात, मांजर आत शिरू शकत नाही. धायटीची लाल फुलं जानेवारीपासून एप्रिलपर्यंत येतात, शिंजीर हा फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी दिवसभर तिथेच असतो.

झुडपांच्या पुढे तरवडाची पाच रोपं अडीच-अडीच फुटांवर. तरवडाची पिवळी फुलं मध देत नाहीत, परागच देतात. तेही पुंकेसराच्या टोकाच्या छिद्रातून, भुंग्याने फुलाला धरून अंग थरथरवलं तरच. मधमाश्यांना हे जमत नाही, सुतारभुंग्याला जमतं. त्यापुढे ६० चौरस फुटांचा गवताचा पट्टा, फूटभर अंतराने मारवेल किंवा पवन्याचे ६० ठोंब. मधे दीडशे चौरस फूट हरळी, मुलांना खेळायला. कार्पेट लॉनला उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं तर ते करपतं. हरळी पिवळी पडते आणि पहिल्या वळवाला हिरवी होते. पावसाळ्यात तिच्यात आपोआप उगवणारा केना, टाकळा, तेरडा निदान कडेकडेला राहू द्या. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात.

उन्हाच्या एखाद्या कोपऱ्यात दहा चौरस फूट जमीन उघडी ठेवा. फरशी नको, आच्छादन नको. एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या जमिनीत बिळं करतात, त्यांना हीच जागा लागते.

निवड करताना महिन्यांची साखळी जुळवून पाहा. धायटी, काटेसावर, पळस जानेवारी ते मार्च. मोह मार्च-एप्रिल. बहावा एप्रिल-मे. करवंदं मे महिन्यात, जांभळं जूनमध्ये. पावसाळाभर तण-वेली आणि अळ्या. तरवड पावसानंतर थंडीपर्यंत, गवताचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबर, बोरं डिसेंबर-जानेवारी. एखादा महिना कोरा राहिला तर त्या महिन्यात फुलणारं किंवा फळणारं झुडूप वाढवा. फुलं एकदम बहरून दहा महिने काहीच नसणारी बाग फोटोत छान दिसते, पण पाखरांच्या उपयोगाची नसते.

खड्डा, रोप, वेळ

झाडासाठी दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. झुडपाला दीड फूट पुरे. दोन फुटांच्या खड्ड्यात साधारण बारा-चौदा घमेली माती मावते. त्यात तिथलीच निघालेली माती परत घाला, फक्त मोठे दगड वेचून आणि पूर्ण कुजलेलं शेणखत तीन घमेली मिसळून. खड्डा नुसत्या लाल मातीने आणि खताने भरायची पद्धत नुकसान करते. मुरमात खणलेल्या खड्ड्यात मऊ माती भरली की तो कुंडीसारखा वागतो. पावसाचं पाणी आत साठतं, मुळं गोल गोल फिरतात आणि बाहेरच्या कठीण जमिनीत शिरतच नाहीत. झाड दोन वर्षं छान वाढतं, तिसऱ्या उन्हाळ्यात थांबतं किंवा वाऱ्याने कलतं. म्हणून खड्ड्याच्या भिंती पहारीने ओरबाडून खडबडीत करा आणि तळाला पहारीनेच चार-पाच भोकं पाडा.

मृगाच्या पहिल्या सरींवर रोप लावायची घाई नको. मुरूम आतपर्यंत ओला व्हायला साधारण शंभर मिलिमीटर पाऊस लागतो. नाशिकला बहुतेक वर्षी आर्द्रा-पुनर्वसू नक्षत्रांत, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत योग्य वेळ येते. ऑगस्टनंतर लावलेल्या रोपाला मुळं पसरायला पाऊस उरत नाही.

रोप दीड-दोन फुटी घ्या. आठ फुटी झाड लावून लगेच सावली मिळेल असं वाटतं, पण त्याची मुळं तोडलेली असतात, ते दोन-तीन वर्षं सावरण्यातच घालवतं आणि तेवढ्यात लहान रोप त्याला गाठतं. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळं दोरीसारखी गुंडाळलेली दिसली तर ती धारदार कात्रीने उभी कापून मोकळी करा. तसंच लावलं तर ती पुढे जाडावून खोडालाच आवळतात. पिशवीतली माती जमिनीच्या पातळीला येईल एवढंच खोल लावा, खोड मातीत गाडू नका. भोवती दोन फूट व्यासाचं आळं आणि त्यात तीन-चार इंच आच्छादन, खोडापासून चार इंच सोडून. खोडाला टेकलेल्या ओल्या पाचोळ्यात वाळवी आणि बुरशी दोन्ही येतात.

आच्छादनाला नाशिकमध्ये उसाचं पाचट सहज मिळतं, ते उत्तम. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आणि पानंही फुकट मिळतात, पण त्यांवर हंगामभर बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं पडलेली असतात. फुलपाखरांच्या झाडांखाली ती टाकू नका.

पळस आणि मोह यांचं सोटमूळ रोप दिसायला लागायच्या आधीच खोल जातं. पिशवीतली रोपं बहुधा मोडलेल्या मुळाची असतात. यांचं बी थेट जागेवर टोचणंच बरं. मोहाचं बी जून-जुलैत पिकतं आणि दोन-तीन आठवड्यांत उगवण्याची ताकद गमावतं. जांभळाचंही तसंच, खाल्लं की लगेच लावायचं. बहाव्याचं बी याच्या उलट, कवच इतकं कठीण की तसंच पेरलं तर वर्षभर पडून राहतं. एका कडेला सँडपेपरने घासून रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. गवताचं बी नोव्हेंबरमध्ये गोळा करून ठेवायचं आणि पुढच्या जूनमध्ये ओल्या मातीत कालवून फेकायचं. ताज्या बियांची सुप्तावस्था तोवर मोडलेली असते.

पाणी: कमी करत नेण्याचं वेळापत्रक

पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर फेब्रुवारीपर्यंत झाडाला आठवड्याला दहा लिटर. मार्च ते जून दर चार-पाच दिवसांनी पंधरा-सोळा लिटर, म्हणजे ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर दोन तास. दुसऱ्या उन्हाळ्यात तेवढंच पाणी दहा दिवसांनी. तिसऱ्या उन्हाळ्यात मधल्या आणि पूर्वेच्या पट्ट्यातल्या झाडांना बंद. ड्रिपर पहिल्या वर्षी खोडापासून नऊ इंचांवर, दुसऱ्या वर्षी दोन फुटांवर सरकवा. बहुतेक बागांत ते जन्मभर खोडाशीच पडून राहतात, मुळं तिथेच गोळा होतात आणि मग झाड खरंच पाण्यावाचून जगू शकत नाही.

रोज थोडं थोडं पाणी सगळ्यांत वाईट. वरची दोन इंच माती ओली राहते, मुळं वरच राहतात.

सगळ्यात जास्त झाडं मात्र जातात ती प्रेमापोटी. पळस, मेढशिंगी, काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात. पहिल्यांदा लावणाऱ्याला वाटतं झाड वाळलं, आणि पाण्याचा मारा सुरू होतो. विश्रांतीतल्या मुळांना ते सहन होत नाही. शंका आली तर कोवळ्या फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, त्याला त्याच्या वेळापत्रकाने राहू द्या.

साफसफाई कमी करा

पाचोळा जाळू नका, आणि झाडून घंटागाडीतही टाकू नका. झाडांखालीच ढकला. पतंगांचे कोष, गोम, पैसा, गोगलगायी आणि त्यांना उकरून खाणारे सातभाई, दयाळ सगळे पाचोळ्यावर जगतात. वाळलेली फांदी धोक्याची नसेल तर ठेवा, तांबट मऊ पडलेल्या लाकडातच ढोली कोरतो. पानाच्या कडेला कुणी कंपासने आखल्यासारखे गोल कापलेले दिसले तर ती पानकाप्या मधमाशी आहे. ती पान घरट्याला वापरते, झाडाचं काही बिघडत नाही. औषध मारू नका.

गवत वर्षातून एकदाच कापा, बी गळून गेल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत, चार-सहा इंच ठेवून. एका वर्षी निम्मा पट्टा, पुढच्या वर्षी उरलेला, म्हणजे त्यातल्या किड्यांना कायम आसरा राहतो. घराला लागून असलेलं सुकं गवत मात्र दरवर्षीच कापावं, वणव्याची भीती खरी आहे.

पाण्याचं भांडं उथळ, दोन इंच खोल, आत एक-दोन दगड. दोन-तीन दिवसांनी ओतून कडा घासून पुन्हा भरा. डेंग्यूचा डास भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. बाहेरचे दिवे पिवळसर रंगाचे, खाली तोंड केलेले लावा आणि रात्री बंद करा. पांढऱ्या प्रखर दिव्याभोवती रात्रभर फिरून पतंग तिथेच मरतात.

सापांची शंका प्रत्येक जण काढतो, आणि ती रास्त आहे. साप येतो उंदरांमागे. उघडा कचरा, सांडलेलं धान्य, विटांचे ढीग हटवा. घराच्या भिंतीपासून तीन फूट पट्टा मोकळा ठेवा. दाट झुडपं कंपाउंडकडे, दारापाशी नाही. गोदावरी-दारणाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. तिथे घराभोवती तीसेक फूट नजर मोकळी पोचेल अशीच लागवड हवी. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. लहान मुलं असतील तर ती मागच्या बाजूला.

घुसखोर तणं

घाणेरी आणि काँग्रेस गवत ही दोन्ही अमेरिकेतून आलेली. काँग्रेस गवत फुलण्याआधी, जून-जुलैत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलल्यावर हात लावला तर बी पसरतं आणि त्वचेला ॲलर्जीही होते. त्यावर पावसाळ्यात पांढरट, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. हे मेक्सिकन भुंगेरे याच गवतासाठी १९८०च्या दशकात भारतात आणून सोडलेले आहेत. घाणेरी नुसती कापली तर दुप्पट फुटते, मुळाचा गड्डाच काढावा लागतो. काढलेल्या जागी त्याच पावसात धायटी, निर्गुडी लावा. जागा रिकामी राहिली तर घाणेरी परत येणारच. सुबाभळीची रोपं बोटाएवढी असतानाच उपटा. कोनोकार्पस कुंपणासाठी विकायला येतो, तो घेऊ नका. गुजरात सरकारने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

जुना गुलमोहर किंवा रेन ट्री असेल तर तो तोडून तिथे स्थानिक झाड लावायची गरज नाही. सावली आहे, घरटी आहेत. शिवाय १९७५च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार शहरात महापालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते परदेशी का असेना. त्याच्या सावलीत अडुळसा, कोरांटी, शतावरी वाढवा. मोठं झाड वयाने गेलं की तोवर खालचं रान तयार झालेलं असतं.

गॅलरीत

जमीन नसेल तर सोळा इंची कुंडीत कढीपत्ता, तशाच दुसऱ्या कुंडीत कागदी लिंबू, जाळीवर हरणदोडी. माती दोन भाग, शेणखत एक भाग, बारीक मुरूम एक भाग. एकाच कढीपत्त्यावर अळ्या आणि फोडणी दोन्ही भागवायचं तर झाडं दोन ठेवा, एक त्यांचं, एक आपलं. अळ्या जास्त झाल्या तर मारण्याऐवजी शेजारच्या लिंबावर हलवा, त्या तेही खातात.

रोपं आणायची कुठून

वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडावर स्थानिक प्रजाती मिळतात, मात्र मे महिन्यातच चौकशी करून ठेवा. विचारताना नाव नेमकं घ्या. ‘कुडा’ म्हटलं तर पांढरा की काळा ते सांगा. नुसतं ‘अशोक’ म्हटलं तर उंच सरळ वाढणारा खोटा अशोकच हातात पडतो. पानं नको तितकी निष्कलंक असतील तर फवारणी कधी केली ते विचारा. मुळातून शोषली जाणारी औषधं पानांत आठवडेच्या आठवडे टिकतात आणि त्यावर घातलेली अंडी वाया जातात. अशी रोपं पहिला पावसाळा फक्त वाढू द्या.

बी स्वतः गोळा करायचं तर जवळच्या टेकडीवरून, एकाच झाडाऐवजी आठ-दहा झाडांवरून थोडं थोडं घ्या, आणि निम्म्याहून जास्त बी झाडाखाली तसंच राहू द्या. पांडवलेणी, रामशेज, ब्रह्मगिरी, अंजनेरी इथून रोपं किंवा कंद उपटून आणू नका. अंजनेरीच्या नावानेच ओळखलं जाणारं ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे कंदीलपुष्प खडकाच्या फटीतल्या पातळ मातीत, त्या उंचीवरच्या धुक्यात वाढतं. घरच्या कुंडीत ते जगत नाही, आणि डोंगरावरचं एक कमी होतं.